सोळा किलोमीटरचा बोहाडा

आमच्या पाड्यावर सकाळ कोंबड्याच्या आरवण्यानं होत नसे, बाच्या खाकरण्यानं होई. खाकरतात तसे सगळेच. पण माझा बाप खाकरायचा म्हणजे आधी पोटातून एक हुंकार, मग पडवीत जराशी शांतता, आणि मग वळचणीतल्या चिमण्या भुर्रकन उडतील असा गडगडाट. शेजारचा कुत्रा रोज फसायचा आणि रोज उठून भुंकायचा. आई चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, “उठला म्हैसासुर.” ही शिवी नव्हती, हुद्दा होता. मोखाडा-जव्हारकडे होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. मोठाले मुखवटे लावून देव आणि दैत्य संबळाच्या तालावर रात्रभर गावातून नाचतात, आणि कुठल्या घरानं कुठलं सोंग नाचवायचं हे बापजाद्यांपासून ठरलेलं असतं. आमच्या वाट्याला म्हैसासुर. शेवटी देवी येते, त्याच्यामागे धावते, त्याला पाडते, छातीवर पाय ठेवते आणि बोहाडा संपतो. म्हणजे माझा बाप आयुष्यभर दरवर्षी हरला. पण काय हरायचा! आधी एका गुडघ्यावर यायचा, मग उठायचा, मग लोकांना आशा लावून पुन्हा कोसळायचा. मरायला इतका वेळ लावायचा की देवीचं सोंग घेतलेला माणूस मुखवट्याच्या आतून कुजबुजायचा, “आता पड रे बाबा, उजाडलं!”

आईचा सोंगांवर फारसा विश्वास नव्हता, नागलीवर, म्हणजे नाचणीवर होता. माणूस कशाचा बनलेला असतो असं तिला कोणी विचारलं असतं तर तिनं सरळ उत्तर दिलं असतं, नागलीच्या भाकरीचा आणि वर उडदाच्या आमटीचा. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा जो आवाज होई त्यावरून मला अंथरुणातच कळायचं की आज तिचा मूड कसा आहे. जलद आणि सारखा आवाज म्हणजे सगळं ठीक. मध्येच थांबून एक जोराचा फटका म्हणजे बानं काहीतरी केलेलं आहे. मी बारावी होऊन घरी बसले होते त्या दिवसांत ते फटके वाढले होते, कारण रिकामे हात पोसण्यासारखं आमचं घर नव्हतं. भात निघालं की पाड्यावरची निम्मी माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. मला मात्र जंगलखात्यात वनरक्षक व्हायचं होतं. का, तर एका उन्हाळ्यात मला आगीची चटक लागली होती.

त्या काळी उन्हाळ्यापुरती जंगलखातं गावातली माणसं आगीच्या कामावर घ्यायचं. अजूनही घेतं. आधी डोंगरावर जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवत आणि पाला साफ करून एक रुंद पट्टा उघडा पाडायचा, आग आली की तिथं तिला खायला काही मिळू नये म्हणून. मग धूर दिसेपर्यंत टेहळणी करायची आणि धूर दिसला की निघायचं. आमच्या टोळीचे मुकादम रावजीकाका अंगानं काटकुळे आणि आवाजानं फाटके होते, आणि त्यांना बायकामुलींना कामावर घ्यायला काडीची हरकत नव्हती. “आग बघते का कोण बाई आणि कोण बुवा?” म्हणायचे. “आग बघते पोचलं कोण.” या वाक्यातली मेख मला पहिल्याच वणव्याला कळली. लोकांना वाटतं आग विझवायला हिंमत लागते. हिंमत नंतर. आधी लागतात पोटऱ्या. पाठीवर पाण्याचा डबा, हातात कोयता, पायाखाली सागाची वाळलेली पानं, त्यांच्यावरून घसरत भर दुपारी डोंगर चढायचा, आणि जिथं कोणीही शहाणा माणूस बसून घेईल तिथं पोचल्यावर कामाला सुरुवात करायची.

पोचले खरी. समोर आग काही फार उंच नव्हती, कमरेएवढी, पण तिच्या मागं बांबूचं बेट पेटलं होतं आणि बांबूची पेरं अशी फुटत होती की मी प्रत्येक वेळी खाली बसत होते. तोंडाला ओला पंचा बांधलेला, तो केव्हाच सुकलेला. मी एक चांगला मोठा हिरवा डहाळा तोडला आणि डोक्यावरून नेऊन आगीवर दाणदाण आपटायला लागले. मला वाटलं, काय मी शूर! मागून रावजीकाका ओरडले, “अगं बाय, आग विझवतेस का पेरतेस?” वळून बघते तर माझ्या प्रत्येक फटक्याबरोबर ठिणग्या उडून पाठीमागच्या कोऱ्या गवतात पडत होत्या आणि तिथं धुराची छोटी छोटी रोपं उगवली होती. “झोडपू नको. दाब. दाब आणि जळल्या बाजूला ओढ. आणि तू पण जळल्या बाजूलाच उभी राहा, जळलेलं परत जळत नाय.” मग दाब आणि ओढ, दाब आणि ओढ. हात खांद्यातून निखळल्यासारखे झाले, तरी दाब आणि ओढ. संध्याकाळी आग निजली तेव्हा सुटलो असं मला वाटलं, तर काका म्हणाले, “आता बसा राखण करत. ओंडका आतनं धुमसतो, पाठ फिरली की उठतो.” तिथंच निखाऱ्यावर सुके बोंबील भाजले, भाकरीबरोबर खाल्ले. आजवर लग्नाकार्यात पुष्कळ जेवले, पण त्या बोंबलाची सर कशाला आली नाही. घरी गेले तर आईनं कंदील वर धरला, माझं तोंड नीट बघितलं आणि विचारलं, “पोरी, एक भुवई कुठं ठेवून आलीस?”

आता माझ्या हाताखालची मुलं पाठीवर पाला उडवायचा ब्लोअर लावून आगीकडे जातात. मोबाइलवर संदेश येतो, अमुक जागी आग. आम्ही धापा टाकत तिथं पोचतो तर कोणीतरी भाताच्या रोपासाठी आपल्या शेतात राब भाजत, म्हणजे पालापाचोळा जाळत, शांत बसलेला असतो आणि आम्हालाच विचारतो, “कं झालं, मॅडम? एवढं धावतंय कोण?” यंत्रं आली, पण पोटऱ्या अजून माणसाच्याच लागतात. भरतीची तयारी करणारी पोरं माझ्याकडे येतात आणि विचारतात, मॅडम, डाएट काय ठेवू? मी सांगते, नागली ठेव. त्यांचं तोंड पडतं.

तर भरती. वनरक्षकाला शिक्षण लागायचं, ते माझ्याकडे होतं. जातीचे दाखले लागायचे, ते बानं तहसीलच्या पायऱ्या झिजवून आणले होते. उंची होती, नजर घारीसारखी. धावण्याची परीक्षा होती, तिची मला भीती नव्हती; आमच्या शाळेला उशीर झाला की आम्ही रोज तीच परीक्षा देत होतो. आणि सगळ्यात शेवटी चालण्याची चाचणी: बायकांनी चार तासांत सोळा किलोमीटर. हे ऐकून बा इतका हसला की त्याला ठसका लागला. “चालायचं? नुसतं चालायचं? अगं, तुझी आई लग्नाआधी मीठ आणायला याच्या दुप्पट चालायची.” सगळा पाडा हसला. आमच्या पोरीला चालायला लावतात आणि त्याला परीक्षा म्हणतात!

आणि त्या चालण्यातच मी नापास झाले.

कारण असं की रस्ता होता जव्हारबाहेरून मोखाड्याच्या दिशेनं जाणारा, आणि त्या रस्त्यावर माझी मावशी राहायची. आमच्याकडे वाटेनं चाललेल्या माणसाला घरातून हाक आली, “कुठं चाललीस गं?” की थांबायचं असतं. पुढं गेलं तर तो राग समजतात, आणि उभ्यानं पाणी पिऊन निघालं तर त्याहून मोठा राग. मावशीनं हाक मारली. मी थांबले. पाणी आलं, मग चहा आला, मग मावशीच्या सुनेला बाळ झालं होतं ते बघायला लागलं. पुढच्या वळणावर आत्याचे दीर. त्यांनी नुसतं “बस” म्हटलं, मी नुसती बसले. शेवटच्या झेंड्याजवळ पोचले तेव्हा घड्याळवाला माणूस घड्याळ खिशात घालत होता. मोजणीवर उभ्या असलेल्या रेंजर साहेबांना मी खरं ते सांगितलं, की मावशीनं बोलावलं होतं. साहेब म्हणाले, “मग मावशीकडेच राहायचं होतं.”

पुढची भरती निघाली तेव्हा घरात ठरलं होतं की या खेपेला जमलं तर जमलं, नाहीतर भट्टीचा ट्रक येईल तेव्हा मीही सगळ्यांबरोबर त्यात चढायचं. कोणी चिडून ठरवलं नव्हतं. आईनं भाकरी उलटता उलटता सांगितलं आणि मी मान हलवली. पण बा त्या दिवशी जेवताना काही बोलला नाही, आणि माझा बाप जेवताना गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय. दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझी तालीम सुरू केली. म्हैसासुराचा खरा मुखवटा देवापुढचा, त्याला वर्षभर कोणी हात लावायचा नाही. पण माळ्यावर एक शिंग मोडलेला जुना मुखवटा पडून होता. तो त्यानं माझ्या तोंडाला बांधला आणि म्हणाला, “चढ डोंगर.” आत आपलाच श्वास गरम होऊन तोंडावर येतो, घाम डोळ्यांत उतरतो, बाहेरचं जग दोन भोकांएवढं. “तोंड मिटून ठेव! नाकानं थोडा थोडा घे. घाबरून मोठा घेतलास की संपलीस. आगीत असंच होतं ना?” असंच होतं. धुरात नेमकं असंच होतं, आणि हे आगीजवळ कधी न गेलेल्या माणसाला कसं कळलं म्हणाल, तर त्याचं निम्मं आयुष्य मुखवट्यात गेलं होतं. एकदा भर दुपारी मी अशी टेकाडावरून धावत उतरत होते आणि पाड्यावर डोस पाजायला नवीन आलेल्या नर्सबाई समोरून चढत होत्या. सलवार-कमीज घातलेला एकशिंगी म्हैसासुर बघून त्यांनी औषधाची पेटी टाकली आणि आल्या वाटेनं पळाल्या. त्यांचीही धावण्याची चाचणी छान झाली.

चाचणीच्या सकाळी आम्ही जीपनं जव्हारला आलो. आई बरोबर होती, किटलीत नागलीची आंबील घेऊन. बा नव्हता. तो आदल्या दिवसापासूनच गायब होता. सुरुवातीच्या झेंड्यापाशी बऱ्याच मुली जमल्या होत्या. आमच्याकडच्या तीन-चार, आणि बाकी घाटावरच्या, पांढरेशुभ्र बूट घातलेल्या, सारख्या वाकून पाय ताणणाऱ्या. माझ्याशेजारी दाभोशाची हिरा होती. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, आणि तिला तोंड गप्प ठेवणं कधी जमलं नाही. ती म्हणाली, “ह्या काय करतात गं?” म्हटलं, “पाय लांब करतात.” हिरा स्वतःच्या पायांकडे बघून म्हणाली, “आपलं राहिलंच मग.” रेंजर साहेबांनी नियम सांगितले: चाला नाहीतर पळा, पण उमेदवाराला कोणी हात लावायचा नाही, गाडीवर घ्यायचं नाही, मध्ये कुठं बसायचं नाही. “बसायचं नाही” म्हणताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं कोण जाणे. शिटी वाजली, निघालो.

पहिल्याच वळणावर मला कळलं बा कुठं गायब होता ते. मावशी दारात उभी होती, पण रस्त्याकडे पाठ करून. सून, तिचं बाळ, सगळे पाठ करून. तिला मला बघायचं तर होतं, म्हणून मावशी खांद्यावरून चोरून बघत होती आणि हातानं मागच्या मागं “जा, जा” करत होती. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी आत्याचे दीर भिंतीकडे तोंड करून असे उभे होते की जसं काही मास्तरांनी शिक्षा दिली आहे. बानं आदल्या दिवशी सगळा रस्ता पालथा घालून घरोघरी बजावलं होतं, की पोरगी जाईल, कोणी हाक मारायची नाही, आणि तोंड दिसलं की तिच्यानं राहवणार नाही म्हणून तोंडही दाखवायचं नाही. एक घाटावरची मुलगी माझ्याजवळून जाताना म्हणाली, “इथली माणसं अशी का हो? सगळी रुसलेली?” हिरा म्हणाली, “हिच्यावर फार प्रेम आहे त्यांचं.”

असं आम्ही मधल्या झेंड्याला वळसा घातला आणि परत फिरलो. वेळ हातात होता, दम होता, सगळं उत्तम चाललं होतं. आणि तिथं, रस्त्याच्या मधोमध, नवं धोतर नेसून माझा बाप उभा. त्याच्यापुढं माझा सोन्यामामा, आईचा धाकटा भाऊ, कमरेला संबळ बांधून. “आली, आली! सोन्या, देवीचा ठेका धर. पोरींना बळ येऊ दे!” आणि सोन्यामामानं देवीचा ठेका धरला आणि आमच्या पुढं चालायला लागला.

वाचणाऱ्याला यात काही बिघडलं असं वाटणार नाही, म्हणून सांगते. देवीचा ठेका म्हणजे देवी गावात पहिल्यांदा येते तेव्हाचा. सावकाश, डौलात, दोन पावलं पुढं, एक मागं. पोटात असल्यापासून तो आमच्या कानांवर पडलेला. तो वाजला की आमच्याकडच्या माणसाचे पाय मालकाला विचारत नाहीत. आणि त्याहून कठीण गोष्ट ही, की देवीच्या वाजंत्र्याला ओलांडून कोणी पुढं जात नाही. कितीही घाई असो, मागंच चालायचं. घाटावरच्या मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दोन्ही बाजूंनी सटासट निघून गेल्या. आणि सोन्यामामाच्या मागं आम्ही चौघी, चेहऱ्यावर भक्तिभाव, दोन पावलं पुढं, एक मागं, सरकारी परीक्षेत नाचत होतो. मागून रेंजर साहेबांची जीप आली. साहेब खिडकीतून बाहेर वाकून बघत राहिले. शेवटी म्हणाले, “हे कधी पोचणार?”

हिरानं घड्याळ बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. “अगं, गेलो आपण.” मला भट्टीचा ट्रक दिसायला लागला, मागचं फळकं खाली पाडून उभा. तरी पाय मागं पुढंच करत होते. मी ओरडले, “बा! ठेका बदल!”

“अगं, देवीचा आहे! बळ येतं याच्यानं!”

“बळ येतंय रे, पण वाट सरत नाय!”

बानं मागं आमच्या पावलांकडे बघितलं, पुढं लांब गेलेल्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं, आणि त्यानं काय करून ठेवलंय ते त्याच्या डोक्यात शिरलं. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. माझ्या बापानं धोतराचा काचा मारला. “सोन्या,” तो गरजला, “लढाई!”

लढाईचा ठेका वेगळा. तो देवी दैत्यामागे धावते तेव्हाचा. तो वाजला की दैत्यानं पळायचं आणि देवीनं पाठलाग करायचा, हेही आमच्या पायांना तितकंच पाठ. सोन्यामामाच्या काठ्या संबळावर अशा पडायला लागल्या की रस्त्याकडेची गुरं दावी तोडायला आली. बानं आमच्याकडे तोंड करून दोन्ही हात वर केले, डोळे वटारले, मुखवट्याशिवायच त्याचा चेहरा म्हैसासुराचा झाला. “या! कोण देवी तुमच्यातली? धरा मला!” आणि पळाला. आम्ही चौघी त्याच्यामागे. काय सांगू, पायांना माती लागतेय की नाही कळेना! सोन्यामामाला काही इतकं धावणं झेपेना. तेवढ्यात मागून आश्रमशाळेचे शिपाई मोटारसायकलवरून आले, मामानं त्यांना थांबवलं आणि मागच्या सीटवर उलटा, आमच्याकडे तोंड करून बसला, संबळ मांडीवर. पुढं मोटारसायकल हळूहळू, तिच्यावर उलटा मामा, मामामागे बा, बामागे आम्ही आणि आमच्यामागे रेंजर साहेबांची जीप. साहेबांनी एकदा हॉर्न वाजवला, पण तो थांबा म्हणून होता की तालावर होता, हे मी त्यांना पुढं बरोबर काम करतानाही विचारलं नाही. दमलो की बा वळून डिवचायचा. “कशी गं ही देवी? मागच्या वर्षीची बरी होती!” आणि हिरा, श्वास नसताना, “थांब काका, तुझी मिशीच उपटते!” मी तोंड मिटून, नाकानं थोडा थोडा श्वास घेत. एक एक करत आम्ही पांढरे बूट मागं टाकत गेलो.

शेवटचा चढ आला. वर शेवटचा झेंडा दिसत होता, घड्याळवाला दिसत होता, आईची किटली दिसत होती. आणि बा पडला.

तो एका गुडघ्यावर आला, उठला, दोन पावलं गेला आणि रस्त्यावर आडवा झाला. आता हे मी जन्मापासून बघत आले होते. पण मी त्याच्याजवळ पोचले तर त्याचा चेहरा घामानं निथळत होता आणि ओठ पांढरे झाले होते. सोंग आहे की खरं आहे हे मला, त्याच्या लेकीला, कळेना. माझे पाय थांबले. हिरा पुढं जाता जाता ओरडली, “चल गं!” मी खाली वाकायला लागले तसा तो दातांतून म्हणाला, “बसायचं नाय. साहेबानं सांगितलंय.”

“बा, लागलं का तुला?”

“मी बा नाय, मी म्हैसासुर. ठेव पाय आणि जा.”

बापाला पाय लावायचा! आमच्याकडे चुकून लागला तरी वाकून नमस्कार करतात. मी तशीच उभी. वर घड्याळवाल्यानं हात उंच केला होता. बानं एक डोळा उघडला आणि मुखवट्याच्या आतून यायचा तसा दबका आवाज काढला, “उजाडलं, बाई. ठेव की!” मी चप्पल काढली, अनवाणी पाय त्याच्या छातीला हलकेच लावला, आणि चप्पल हातात घेऊन तो चढ अशी धावले की झेंडा ओलांडून पुढं असलेल्या पाणपोईवर जाऊन आदळले. मागून घड्याळवाल्याचा हात खाली आला. झाले पास. हिरा झाली, बाकीच्या दोघीही झाल्या. आईनं माझ्या हातात आंबिलीचा पेला दिला. मी तो तसाच तिला परत दिला आणि आल्या पावली खाली पळाले, मागून आई.

बा तिथंच होता. पाऊल घोट्यापाशी भोपळ्यासारखं सुजलं होतं. चढाच्या पायथ्याशी तो खड्ड्यात पाय मुरगळून खरा खरा पडला होता, आणि मी थांबू नये म्हणून त्यावर आपली रोजची मरणाची करामत चढवली होती. उमेदवारांसाठी आणलेलं स्ट्रेचर रेंजर साहेबांनी जीपमधून काढलं, दोन गार्डांनी त्याला उचलून ठेवलं. मी रडत होते, सोन्यामामा काठ्या खाली टाकून रडत होता. साहेब वाकून म्हणाले, “अहो बाबा, या वयात असं पळायचं असतं का? कसे पडलात?”

बानं स्ट्रेचरवर जरा सरळ होऊन धोतर सारखं केलं. भोवती एव्हाना बरीच माणसं जमली होती, हे त्यानं बघून घेतलं.

“पडलो नाय, साहेब,” तो म्हणाला. “मारला गेलो.”

आईनं किटली खाली ठेवली आणि पदरानं त्याच्या तोंडावरचा घाम पुसला. “उचला, साहेब, उचला,” ती म्हणाली. “बघायला माणसं आहेत तोवर हा उठायचा नाय.”